चौऱ्याऐंशी किलोंची वाळू

ताडपत्रीवर दहा वस्तू मांडल्या होत्या. डिकीतलं जादा चाक, तेरा किलो दोनशे. जॅक, दोन किलो सहाशे. हत्यारांची पेटी, तीन किलो नऊशे. पायाखालच्या दोन रबरी चटया मिळून एक किलो आठशे. रेडिओचे दोन स्पीकर, दोन किलो सातशे. डिकीतला गालिचा, दोन किलो चारशे. टपावर घालायचं आवरण, एक किलो नऊशे. काच धुवायच्या टाकीतून उपसलेलं पाणी, एक किलो सहाशे. छत्री, चारशे ग्रॅम. आणि समोरच्या खणातून निघालेली एक कात्री, दोन रिळं आणि कुणाची तरी पँट, मिळून नऊशे ग्रॅम. एकूण एकतीस किलो चारशे.

"अरे, ही पँट इथे होती होय!" मास्तर म्हणाले. "त्या माणसाला मी सांगितलं, उंदरांनी कुरतडली म्हणून."

"मामा, खोटं बोललास?"

"गिऱ्हाइकाशी बोलतात त्याला खोटं म्हणत नाहीत. धंदा म्हणतात."

भाची हसली नाही. ती खाली वाकून गाडीच्या दारातल्या खोबणीत बोट घालून आणखी काही निघतंय का ते पाहत होती. तिचं शिक्षण भौतिकशास्त्राचं आणि नोकरी वजनं-मापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. दुकानदारांचे काटे खरे की खोटे हे ठरवायचं तिचं काम. क्लबात तिला मिलिमीटर म्हणत. मास्तरांनी त्याचं 'मिली' केलं होतं.

मास्तर शिंपी. ही दोन माणसांची, कापडी टपाची छोटी रोडस्टर त्यांच्याकडे आली ती टप शिवायला. मालक परदेशी गेला तो गेलाच, आणि गाडी मास्तरांच्या गळ्यात पडली. पण पडली ती अशी पडली की मास्तर तिच्या प्रेमात पडले. गेल्या मोसमापासून ते ऑटोक्रॉसला जाऊ लागले होते. मोकळ्या पटांगणात प्लॅस्टिकचे कोन मांडून वाट आखतात, एका वेळी एकच गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. कुणाला धडकायची भीती नाही. धडकायचं तर कोनालाच, आणि प्रत्येक पाडलेल्या कोनामागे दोन सेकंद दंड. बाकी शत्रू एकच, घड्याळ. मास्तरांना हात चांगला होता. इतकी वर्षं शिवणयंत्रावर वळणं घेतलेला माणूस.

या वर्षी गाडी तयार करायचं काम मिलीने अंगावर घेतलं होतं, आणि ते नुसतं हौसेखातर नव्हतं. ज्यांच्या गॅरेजच्या अंगणात ही ताडपत्री पसरली होती, ते उस्ताद क्लबातल्या निम्म्या गाड्यांचे वैद्य. त्यांना आता गुडघ्यांमुळे गाडीखाली जाता येत नव्हतं. गाडीची बैठक जमवायला, म्हणजे कुठलं चाक किती भार घेतं, स्प्रिंग किती उंच ठेवायची हे ठरवायला, त्यांना कुणीतरी हवं होतं. मिलीने मागितलं तेव्हा ते म्हणाले होते, "मामांची गाडी कर. मी स्पर्धेला बघतो. माझी परीक्षा एकच. वाटेत एक डावा वळसा असतो, एक उजवा, दोन्ही एका मापाचे. दोन्हींना सारखाच वेळ लागला पाहिजे. दोन दशांश सेकंदांपेक्षा जास्त फरक दिसला, तर प्रयोगशाळेतच बरी आहेस."

ते काम मिळालं तर ती प्रयोगशाळा सोडणार होती. हे तिने आईला सांगितलं नव्हतं. मामाला सांगितलं होतं.

"आता तुझं वजन सांग," मिली म्हणाली.

प्रश्न साधा होता. चालक बसलेला असताना गाडी किती दबते, त्यावर सगळं गणित. पण तो विचारला गेला तेव्हा मास्तरांची बायको डबा घेऊन फाटकातून आत येत होती. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं आणि तोंडातून सवयीने निघालं,

"चौऱ्याऐंशी."

हा आकडा त्यांच्या घरात वापरातला होता. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी दम भरला, तेव्हापासून बायको त्यांना रोज पहाटे फिरायला पाठवी, डब्यात काकडी-गाजराचे काप भरी आणि मधूनमधून विचारी, "किती झालं हो?" मास्तर सांगत, नव्वद. मग सत्त्याऐंशी. मग चौऱ्याऐंशी. पहाटे ते घराबाहेर पडत हे खरं. टप उघडा टाकून गाडी हळूहळू कालव्यापर्यंत नेत, तासभर तिच्यातच बसत आणि परत येत. डब्यातले काप दुकानासमोरच्या गाईला आवडत.

"कपड्यांसकट की कपड्यांशिवाय?" मिलीने विचारलं.

"कपड्यांसकट, हेल्मेटसकट, सगळ्यासकट."

"वा!" उस्ताद कौतुकाने म्हणाले. "दिसत नाही बरं का, मास्तर. तुमची हाडंच रुंद दिसतात."

मास्तर हसले. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या कमरा मोजल्या होत्या. गिऱ्हाईक म्हणे चौतीस, मास्तर काही न बोलता टेप फिरवत, अडतीस निघे. टेप जवळ आला की प्रत्येकाचं पोट आत जाई. "श्वास सोडा साहेब," मास्तर म्हणत, "पँट तुम्हाला घालायचीय, मला नाही." सांगितलेल्या मापावर कापड कापतो तो शिंपी नव्हे, हे त्यांचं लाडकं वाक्य. मिलीने ते लहानपणापासून ऐकलं होतं. पण मामाला टेप लावायचं तिच्या मनात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने चार चाकांखाली उस्तादांचे चार वजनाचे पाट सरकवले आणि मामाला फोन केला, "येऊन अर्धा तास सीटवर बस." मास्तर म्हणाले, दुकानात लग्नाची घाई आहे, मरायला फुरसत नाही. दुकानात त्या वेळी माशा होत्या. मग मिलीने प्रयोगशाळेच्या काट्यावर वाळूच्या पिशव्या तोलल्या, अगदी चौऱ्याऐंशी किलो, आणि त्या सीटवर माणूस बसावा तशा रचल्या, काही पाठीशी, काही मांडीच्या जागी, दोन पायांशी. पट्टासुद्धा बांधला. संध्याकाळी मास्तर आले तेव्हा त्यांच्या जागी ती वाळू बसलेली होती. शिडशिडीत, गप्प, शहाणी. मास्तरांना तिच्याकडे बघवेना.

"मागच्या चाकावरच्या पत्र्याची कड बघ," मिली उत्साहाने दाखवत होती. "गाडी जितकी खाली तितकी चांगली, पण वळणावर कलली की टायर या कडेला घासता कामा नये. मी पूर्ण कलल्यावरचा हिशोब केलाय. सहा मिलिमीटर उरतात. एक कमी नाही, एक जास्त नाही. चार वेळा मोजलंय, मामा."

तेव्हा सांगता आलं असतं. अंगणात दुसरं कुणी नव्हतं. "शाब्बास," मास्तर म्हणाले.

स्पर्धा होती बंद पडलेल्या घाऊक बाजाराच्या पटांगणात. एकोणीस गाड्या, सव्वाशे कोन, पत्र्याच्या छपराखाली क्लबाचं टेबल. मास्तरांनी स्वतः शिवलेला एकसंध डगला घातला होता, निळा, छातीवर पांढरी पट्टी. त्याची बाजूची शिवण त्यांनी हिवाळ्यापासून दोनदा उसवून सैल केली होती. आता आत दाबायला कापड उरलं नव्हतं. बायको खुर्ची टाकून सावलीत बसली होती. उस्ताद हातात घड्याळ घेऊन काठी टेकत कोनांच्या कडेला उभे राहिले.

"मामा, खिशात काही नाही ना?" मिलीने खिडकीत वाकून विचारलं.

"नाही."

"किल्ल्यांचा जुडगा?"

मास्तरांनी जुडगा काढून दिला. तिने तो तळहातावर उडवून पाहिला. "साठ ग्रॅम," ती समाधानाने म्हणाली.

पहिल्या फेरीत गाडी सुटली ती सुंदर सुटली. नागमोडी कोन तिने शिवणीसारखे घेतले. उजवा वळसा तर कंपासने काढावा तसा. मग डावा आला. गाडी उजवीकडे कलली आणि मागून खर्र असा आवाज झाला, कुणी जाड कापड फाडावं तसा. शेपूट एकदम बाहेर फेकलं गेलं. मास्तरांनी स्टिअरिंग उलटं फिरवून कशीबशी सावरली. नाकात जळक्या रबराचा वास भरला.

उस्तादांचं घड्याळ: उजवा वळसा सात पूर्णांक दोन, डावा आठ पूर्णांक तीन.

मिली गाडी थांबायच्या आत मागच्या उजव्या चाकाशी बसली होती. पत्र्याची कड चकाकत होती, टायरच्या खांद्यावर ओरखड्यांची गोल रेघ उठली होती. "घासतंय," ती म्हणाली. "पण घासायला नको. सहा मिलिमीटर होते."

"हवा कमी-जास्त झाली असेल," मास्तर म्हणाले. "किंवा इथली जमीनच उतरती असेल. त्या बाजूला बघ ना, उतार दिसतोय."

ती लगेच गेली. खरंच गेली. जमिनीवर पाणसळ ठेवून आली, मग चारी टायरांची हवा तपासली, मग स्प्रिंगांच्या रिंगा सैल झाल्या नाहीत ना ते बोटाने चाचपलं. ऊन तापलं होतं. तिच्या कपाळावर काळा हात उमटला होता. आपण मारलेल्या थापेमागे ती पाणसळ घेऊन धावतेय, हे मास्तर हेल्मेटच्या आडून बघत होते. हेल्मेट त्यांनी काढलंच नाही. तोंड लपवायला तेवढीच जागा होती.

"गाडी हिशोबापेक्षा खाली बसलीय," ती परत येऊन स्वतःशीच पुटपुटली. "का बसलीय तेच कळत नाही."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, मास्तरांच्या मनात तर भर दुपारचं ऊन होतं.

दुसऱ्या फेरीत त्यांनी एक युक्ती केली. डाव्या वळशाला गाडी हळू घ्यायची म्हणजे कलणार नाही. तरी ती घासली. उलट हळू घेतल्यामुळे वेळ गेला आणि शेवटचा कोनही पडला. उजवा सात पूर्णांक दोन, डावा आठ पूर्णांक नऊ. तपासनीस टेबलावरून उठून आला, टायरच्या खांद्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "आणखी एकदा असं घासलं तर गाडी बाहेर. टायर फाटला तर माणूस जाईल. बैठक कुणी जमवली हिची?"

"मी," मिली म्हणाली.

"घरी जमवली की शाळेत?" शेजारच्या लाल गाडीवाला हसत म्हणाला. "अहो, वजनाच्या काट्यावर भाजी तोलणं वेगळं आणि गाडी तोलणं वेगळं."

मिलीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती उस्तादांकडे वळली. "माझं चुकलंय," ती म्हणाली. "कुठे ते सापडत नाही. पण कुठेतरी माझंच चुकलंय. मी चार वेळा मोजलं म्हणजे चार वेळा तीच चूक केली असणार."

उस्तादांनी घड्याळ खिशात टाकलं. ते कठोर माणूस नव्हते, म्हणून जास्तच वाईट वाटलं. "होतं असं, बाळ. पहिलीच गाडी तुझी. या मोसमात राहू दे. पुढे बघू. नोकरी सोडू नकोस मात्र."

मिलीने मान हलवली. मग ती पेटीशी जाऊन पाने जागच्या जागी लावू लागली, मोठ्यापासून लहानाकडे, नीट, एकेक. तिला रडू आलं की ती वस्तू लावते हे मास्तरांना ती चार वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं.

मास्तर गाडीतच बसून होते. धरणी दुभंगावी असं त्यांना वाटलं. पण धरणीनेही आधी वजन विचारलं असतं. आपण नुसतं मूग गिळून बसलो तरी चालेल, हेही त्यांना दिसत होतं. कुणाला कधी कळणार नाही. पोरगी प्रयोगशाळेत परत जाईल, आयुष्यभर स्वतःच्या हिशोबावर शंका घेत राहील, आणि मामाची हाडं रुंदच राहतील.

ते उतरले. उतरताना नेहमीसारखा दाराला धरून जोर लावावा लागला. त्यांनी हेल्मेट काढलं.

"मिली."

"थांब, मामा. जादा चाक परत घालायचंय ना, करते मी."

"चौऱ्याऐंशी नाहीये."

तिला कळलं नाही. "काय चौऱ्याऐंशी नाही?"

"मी."

ती पाना हातात धरून तशीच उभी राहिली. मास्तरांना वाटलं होतं, एवढं म्हटलं की झालं. पण तिने विचारलं, "मग किती?" आणि त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. गेली दोन वर्षं ते काट्यावर चढलेच नव्हते.

उस्तादांच्या गाडीत पाट होते. मिलीने एक काढून छपराखालच्या सपाट फरशीवर ठेवला, पाणसळ लावली, आकड्यांची पेटी टेबलावर मांडली. ती पेटी मोटारींसाठी केलेली. आकडे लाल आणि वीतभर उंच. छपराखाली सावलीला बसलेली सगळी मंडळी वळून बघू लागली. बायको खुर्चीवरून उठली.

"हेल्मेट घालून चढ," मिली म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "बूट राहू देत. जसा बसतोस तसा."

मास्तर पाटावर चढले. चढताना सवयीने त्यांनी पोट आत ओढलं.

"श्वास सोड, मामा," मिली म्हणाली.

त्यांनी सोडला. लाल आकडे थोडे डगमगले आणि थांबले. एकशे सहा किलो चारशे.

लाल गाडीवाल्याने शीळ घातली. कुणीतरी म्हणालं, "एकतीस काढले, बावीस भरले!" आणि हशा पिकला. मास्तर हेल्मेटसकट मान खाली घालून पाटावर उभे राहिले. मान खाली घातल्यावर त्यांना स्वतःचे बूट दिसले नाहीत.

"अहो," बायको जवळ येऊन हळू म्हणाली, पण छपराखाली सगळ्यांना ऐकू गेलं. "आणि ते रोजचं फिरणं?"

"गाडीतून," मास्तर म्हणाले.

"आणि डबा?"

"गाय आहे एक."

पुन्हा हसू उसळलं. बायको हसली नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली, ज्या नजरेने उसवलेली शिवण कुठवर उसवलीय ते बघतात. "मला तरी सांगायचं होतं," ती म्हणाली आणि खुर्चीकडे परत गेली. कुणी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं.

मिली मात्र हसण्याकडे किंवा मामीकडे लक्ष देण्याच्या पलीकडे गेली होती. "बावीस किलो चारशे," ती बोटांवर मोजत म्हणाली. "त्यातला निम्मा मागच्या उजव्या चाकावर. अकरा किलो. म्हणजे साडेपाच मिलिमीटर खाली. सहातून साडेपाच गेले, उरला अर्धा." तिने मान वर केली. "अर्धा मिलिमीटर! घासणारच! टायर तेवढा लवतोच." तिच्या चेहऱ्यावर क्षणभर नुसता आनंद होता, गणित सुटल्याचा. मग तिने मामाकडे पाहिलं आणि तो मावळला.

"तू मला उतार मोजायला पाठवलंस."

"हो."

"उन्हात."

"हो."

"जाड आहेस म्हणून मला काही वाटलं नसतं. मी पिशव्या वाढवल्या असत्या. वाळू काय, ढीगभर होती." तिचा आवाज चिरकला. "मी त्यांच्यासमोर म्हटलं, माझं चुकलं. आणि तू ऐकत होतास."

मास्तर पाटावरून उतरले आणि उस्तादांसमोर जाऊन उभे राहिले. "पोरीचं माप बरोबर होतं," ते म्हणाले. "मी खोटं सांगितलं. घरीही तेच सांगत आलो होतो, म्हणून इथेही तेच सांगितलं. तिला द्यायचं ते काम माझ्यामुळे अडवू नका."

उस्तादांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. "मास्तर, तुम्ही शिंपी ना?"

"हो."

"सांगितलेल्या मापावर कापड कापता?"

"नाही."

"मग हिची चूक आहेच," उस्ताद म्हणाले. मिलीने ओठ आवळले. "माणसाला पाटावर बसवल्याशिवाय हात लावायचा नाही. राजा असला तरी. कळलं?"

"कळलं."

"एक फेरी उरलीय. अर्धा तास आहे. वाळू नको आता. खरा माल आणलाय, तो बसव."

गाडी चार पाटांवर चढवली गेली आणि सगळ्या क्लबासमोर मास्तर तिच्यात बसले. हात मांडीवर, नजर समोर, त्या दिवशीच्या वाळूसारखे. मिली उताणी होऊन मागच्या चाकाआड शिरली. स्प्रिंगखालच्या रिंगेचे आटे ती एकेक करून वर आणत होती आणि आतून ओरडत होती, "हलू नकोस!" मास्तर श्वासही बेताने घेत होते. डगल्याची बाजूची शिवण टरटरली. लाल गाडीवाला पाण्याची बाटली घेऊन आला. "घ्या मास्तर," म्हणाला, आणि मग त्यालाच राहवेना, "की नको? अर्धा लिटर म्हणजे पुन्हा अर्धा किलो."

"घेतो," मास्तर म्हणाले, "पण मिलीला विचारून."

"नको!" गाडीखालून आवाज आला.

मिली बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत धूळ होती. तिने चारी आकडे पाहिले, मागच्या डाव्या चाकाला अर्धा आटा आणखी दिला, पुन्हा पाहिले. मग खिडकीत वाकली. मास्तरांना वाटलं, आता काहीतरी म्हणेल.

"पट्टा घट्ट कर," ती म्हणाली. "आणि डाव्याला हळू घेऊ नकोस. घ्यायचा तसाच घे."

"घासलं तर?"

"माझं माप आहे हे," मिली म्हणाली. "खरं."

मास्तरांनी पट्टा ओढला. तो त्यांच्या पोटाखालून आवळला गेला. आज त्यांनी पोट लपवायला डगला वर ओढला नाही. बायको खुर्चीवरून उठून दोरीपाशी आली होती. तिच्या मांडीवरचा डबा खुर्चीत राहिला होता. झेंडा पडला.

नागमोडी कोन, मग उजवा वळसा, मग लांब सरळ, मग डावा. गाडी कलली. मास्तरांनी कान मागे लावले. इंजिन ऐकू येत होतं, टायरांची चिरचिर ऐकू येत होती. कोन डाव्या आरशाजवळून सरकत सरकत पूर्ण फिरला आणि मागे गेला.

ते येऊन थांबले तेव्हा मिली चाकाशी बसली नाही. ती उस्तादांच्या शेजारी उभी होती, पाठीमागे हात बांधून. उस्तादांनी चष्मा कपाळावर सारला, घड्याळ डोळ्यांजवळ धरलं आणि मोठ्याने वाचलं.

उजवा वळसा सात पूर्णांक दोन. डावा वळसा सात पूर्णांक तीन.